समुद्राकडे पाठ

आमच्या घरात दोन समुद्र आहेत. एक माळ्यावर, वेळूच्या काठीला गुंडाळलेला. दुसरा खालच्या खोलीत, लोखंडी कपाटाच्या मधल्या कप्प्यात, काळ्या कापडाने मढवलेल्या पेटीत आडवा ठेवलेला. अमळनेरहून सकाळी गाडीत बसलं की दिवस मावळायच्या आत खऱ्या समुद्रावर पोचता येतं. पण माझ्या आप्पांनी तो कधी पाहिला नाही. हे लिहिताना आजही हात थांबतो. कारण याच माणसाने तीस वर्षं गावोगावच्या लोकांना समुद्रापुढे उभं केलं.

आप्पांचा फोटो स्टुडिओ होता. पुढे काउंटर, मागे शूटिंगची खोली, तिच्या मागे न्हाणीघराएवढी डार्करूम. शूटिंगच्या खोलीत तीन पडदे. एक साधा राखाडी, पासपोर्टचा. एक बंगल्याचा, त्यात गोल जिना आणि कुंड्या. तिसरा समुद्राचा. गावातल्याच मिलच्या जाड कापडावर धुळ्याच्या एका पेंटरने तो रंगवून दिला होता. निळं पाणी, दोन नारळाची झाडं, एक शिडाची होडी, वर पौर्णिमेचा चंद्र आणि झाडाखाली भर दुपारची सावली. पेंटरनेही समुद्र पाहिलेला नव्हता, त्याने एका कॅलेंडरवरून काढला होता. लाटा मात्र त्याच्या स्वतःच्या होत्या. नुकत्याच नांगरलेल्या वावराची तासं असावीत तशा सरळ, एकामागे एक, सारख्या अंतरावर.

नवी नवरा-नवरी बंगल्यापुढे उभी राहायची. समुद्रापुढे बाकीचे सगळे. मॅट्रिक पास झालेली पोरं, रिटायर झालेले गुरुजी, गावाला निघालेल्या मावश्या, एकाच कापडाचे सदरे शिवून आलेले तीन भाऊ. वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा भरते, ती बोरी नदीच्या कोरड्या पात्रात. तिथे आप्पा महिनाभर तंबू टाकायचे आणि समुद्राचा पडदा हातगाडीवरून न्यायचे. पायाखाली तापलेली वाळू, एका बाजूला पाळणे, दुसऱ्या बाजूला भांड्यांची दुकानं, आणि मध्येच, जिथे पाणी असायला हवं आणि नसायचं, तिथे हा निळा समुद्र. चोपडा, पारोळा, शिरपूरकडची माणसं रांग लावायची. एखादं लहान मूल हटकून मागे वळून त्या पाण्याला बोट लावायला जायचं. मग आप्पांचा आवाज यायचा, "समुद्रकडे नको देखू भाऊ, मनाकडे देख!" अहिराणीत मनाकडे म्हणजे माझ्याकडे.

हे वाक्य मी लहानपणी हजार वेळा तरी ऐकलं असेल. त्याचा अर्थ पोचायला मला साठी गाठावी लागली, आणि तोही दुसऱ्या समुद्रामुळे.

तो दुसरा समुद्र म्हणजे एक पुस्तक. फक्त समुद्राच्या छायाचित्रांचं. संग्राहकांसाठी मोजक्याच प्रती काढतात त्यांतली ही एक. शेवटच्या पानावर पेन्सिलीने घातलेला प्रतीचा क्रमांक आणि खाली छायाचित्रकाराची सही. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. मला सांगायचं आहे ते या एका प्रतीबद्दल, आणि ती आमच्या घरात आल्यावर काय झालं त्याबद्दल.

मी पुण्यात एका छापखान्यात एकोणतीस वर्षं ऑफसेट मशीनवर काढली. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, औषधांची माहितीपत्रकं, सहकारी संस्थांचे अहवाल, निवडणुकीच्या हंगामात पोस्टरं. पुढची काही वर्षं कलेची पुस्तकंही. रिटायर व्हायच्या आदल्या वर्षी जुन्या पुस्तकांच्या एका व्यापाऱ्याकडे ही पेटी दिसली. किंमत माझ्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी. बायकोला खरा आकडा सांगितला. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "जन्मभर दुसऱ्यांची पुस्तकं छापली. एक स्वतःचं असू द्या." गावी आणल्यावर किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवलं. पाच किलो तीनशे.

लोक विचारतात, एका पुस्तकाला एवढे पैसे कशाचे? चित्रं तर मोबाइलवरही दिसतात. याचं उत्तर मी छापणाऱ्याच्या बाजूने देतो, कारण तीच बाजू मला माहीत आहे.

काळा-पांढरा फोटो नुसत्या काळ्या शाईने छापला की तो मरतो. ऑफसेटला करडा रंग माहीत नाही. तिथे शाई असते किंवा नसते, आणि जो करडा दिसतो तो बारीक ठिपक्यांचा भास असतो. एका काळ्याच्या ठिपक्यांत समुद्र बसवायला गेलं की गडद भाग डांबरासारखा होतो आणि उजेडाचा भाग खडूसारखा. म्हणून चांगल्या पुस्तकात एकाच चित्राला दोन, तीन, कधी चार प्लेटा करतात. एक काळी, एक गडद करडी, एक फिकट करडी, प्रत्येकीवर त्या चित्रातला वेगळा भाग उचललेला. तिन्ही एकमेकींवर अशा बसल्या पाहिजेत की भिंगातून पाहिलं तरी फट दिसू नये. आम्ही त्याला रजिस्टर म्हणतो. कागद हवेतला ओलावा पितो आणि केसभर वाढतो, सुकला की आकसतो. सकाळी जुळलेलं रजिस्टर पावसाळ्याच्या दुपारी सुटतं. जुलैतल्या एका दिवशी दीडशे शीट फेकून द्यावे लागले होते ते मी विसरलेलो नाही. या पुस्तकाच्या प्रत्येक पानावर मी भिंग फिरवलं. एकाही ठिकाणी रजिस्टर सुटलेलं नाही.

पण मला खरा घाम फुटला तो वेगळ्याच गोष्टीने. यातली बरीच चित्रं समोरासमोरच्या दोन पानांवर पसरली आहेत. फूल असो, चेहरा असो, डोंगर असो, मधल्या शिवणीत चित्र थोडं सरकलं तरी डोळा चालवून घेतो. समुद्र चालवून घेत नाही. क्षितिज ही एकच सरळ रेघ. ती डाव्या पानावरून उजव्या पानावर जाताना अर्ध्या मिलिमीटरने जरी खाली आली, तर समुद्र मोडला. आता ही दोन पानं छापताना शेजारी नसतात. बहुतेक वेळा ती वेगवेगळ्या शीटवर छापली जातात, मग घडी पडते, मग फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, एकत्र येतात, मग शिलाई, मग कटाई. प्रत्येक टप्प्यावर थोडं थोडं सरकायला वाव. आणि तरी या पुस्तकात ती रेघ पानामागून पान सलग जाते. हे काम कुणी केलं त्यांची नावं पुस्तकात नाहीत. घडी घालणारा, दोरा भरणारा, सुरी चालवणारा. त्यांच्यासाठी मी पहिल्या दिवशी ते पुस्तक कपाळाला लावलं.

गोंदावर चिकटवलेलं पुस्तक आमच्याकडच्या मे महिन्यात टिकत नाही. पंचेचाळीस अंशांत गोंद कडक होतो आणि पाठ फुटते, पानं पत्त्यांसारखी हातात येतात. हे दोऱ्याने शिवलेलं आहे म्हणून निभावतंय. एक मात्र खरं. समुद्राचं हे पुस्तक समुद्राकाठी कोकणात असतं तर तिथल्या दमट हवेत त्याला बुरशी आली असती. कसर तिथेही आणि इथेही, पण बुरशीपासून खानदेशची कोरडी हवा त्याला सांभाळते.

संग्राहकांमध्ये एक चाल आहे, ती मला पटत नाही. असं पुस्तक घ्यायचं, त्याचं प्लॅस्टिकही फोडायचं नाही, आणि भाव चढायची वाट बघायची. त्याला ते गुंतवणूक म्हणतात. न उघडलेल्या पुस्तकात तीन करडे रंग एकावर एक बसवणाऱ्या माणसाची मेहनत कैद पडते, असं मला मनापासून वाटतं. आमच्याकडे पेटी उघडते. हात साबणाने धुवायचे, कोरडे करायचे, आणि पान वरच्या कोपऱ्यातून उलटायचं. पांढरे हातमोजे लागतात असं पुष्कळांना वाटतं. सुट्या फोटोंना ते ठीक. पुस्तकाच्या पानाला मात्र हातमोज्यातल्या बोटांना पान कळत नाही आणि ते फाटतं, त्यापेक्षा स्वच्छ कोरडा हात बरा.

छायाचित्रांची पुस्तकं आणि समुद्र यांचं नातं थेट मुळापासूनचं आहे. हे वाचलं तेव्हा मी चकित झालो. छायाचित्रांनी सजवलेलं जगातलं पहिलं पुस्तक मानतात ते ॲना ॲटकिन्स या इंग्लंडमधल्या बाईंचं. त्याचा पहिला भाग १८४३ साली निघाला आणि विषय समुद्रातलं शेवाळ. कॅमेराच नाही. लोहाच्या क्षारांचं द्रावण लावून वाळवलेल्या कागदावर शेवाळाची डहाळी ठेवायची, उन्हात धरायची, आणि साध्या पाण्यात धुवायचं. ऊन लागलेला भाग गर्द निळा होतो, झाकलेला पांढरा राहतो. ही रीत जॉन हर्शेल यांनी १८४२ साली शोधली होती. इंजिनियर लोकांचे जुने निळे नकाशे याच रीतीचे. मी ती द्रावणं आणून गच्चीवर करून पाहिलं, कपाशीच्या पानांवर. आमच्या एप्रिलच्या उन्हाला त्याचं फार काम पडत नाही. बादलीत कागद बुडवला आणि पिवळट डाग सुटून खालून निळा वर आला, तेव्हा शेजारची चार पोरं ओरडली. कपाशीचं पान पाण्याखाली असल्यासारखं दिसत होतं.

त्यानंतरचे गुस्ताव ल ग्रे. फ्रान्सचे. १८५६-५७ साली त्यांनी समुद्राचे जे फोटो काढले ते आजही डोकं हलवतात. तेव्हा काचेवर ओलं रसायन पसरून निगेटिव्ह करत. त्या रसायनाला निळा उजेड फार लवकर चढायचा. समुद्र नीट येईपर्यंत थांबावं तर आभाळ जळून कोरं पडायचं, आभाळ धरावं तर पाणी काळं राहायचं. ल ग्रे यांनी दोन निगेटिव्ह घ्यायला सुरुवात केली. एक आभाळाची, एक पाण्याची, आणि छापताना क्षितिजावर दोघांचा सांधा. काही ठिकाणी तर एकच आभाळ दोन वेगळ्या समुद्रांवर बसवलेलं आहे. पुढे कर्ज वाढलं, त्यांनी पॅरिस सोडलं आणि १८८४ साली कैरोत मरण पावले. त्यांच्या मोठ्या लाटेच्या फोटोची एक प्रत १९९९ साली लंडनच्या लिलावात पाच लाख पौंडांच्या वर गेली.

काही जण म्हणतील, दोन निगेटिव्ह जोडणं म्हणजे फसवणूक. मला तसं वाटत नाही, कारण मी आप्पांना ते करताना पाहिलंय. घरातला म्हातारा माणूस जायचा, त्याचा एकच फोटो, तोही कुठल्या तरी लग्नाच्या गर्दीतला. मग लोक यायचे आणि म्हणायचे, बाप आणि माय एका फ्रेममध्ये पाहिजेत. आप्पा गर्दीतून तो चेहरा उचलायचे, मोठा करायचे, बाईचा नवा फोटो घ्यायचे, आणि डार्करूममध्ये लाल दिव्याखाली हाताने सावली धरून दोन्ही एका ब्रोमाइडवर, म्हणजे फोटोच्या कागदावर, उतरवायचे. सांधा झाकायला मागे कधी कधी तोच समुद्र असायचा. फोटो हातात घेतलेल्या बायका रडायच्या. ल ग्रे यांच्या आभाळ-पाण्याच्या सांध्यावर बोट ठेवताना मला त्या जोड्या आठवतात.

फोटोला उजेड लागतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. पाणी किती लागतं हे डार्करूमवाल्याला विचारा. ब्रोमाइड हायपोतून, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या रसायनातून, काढल्यावर वाहत्या पाण्यात बराच वेळ धुवावं लागतं. हायपोचा अंश कागदात राहिला तर तो वर्षांनी फोटोला पिवळा करतो. अमळनेरात वाहतं पाणी कुठलं? चार बादल्या ओळीने मांडलेल्या असायच्या आणि फोटो एकीतून दुसरीत जायचा. १९७२च्या दुष्काळात त्या चाराच्या दोन झाल्या. माय सांगते, त्या वर्षी आप्पा शेवटची बादली भरताना घरच्या घागरीकडे बघायचे नाहीत. आज जुन्या अल्बमांत त्या वर्षीचे फोटो तारीख न बघता ओळखू येतात. कडेकडेने पिवळे पडलेत. पडद्यावरचा समुद्रही पिवळा पडलाय. पाणी कमी पडलं म्हणून.

आमच्या भागाचं छायाचित्रांच्या पुस्तकांशी आणखी एक नातं आहे, ते भुसावळला पुरलेलं आहे. मेजर रॉबर्ट गिल. १८४४ साली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला त्यांना नेमलं गेलं. वर्षानुवर्षं ते तिथेच राहिले. लंडनला पाठवलेल्या बऱ्याचशा नकला १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पण मधल्या काळात ते कॅमेऱ्याकडे वळले होते, आणि १८६४ साली त्यांनी काढलेल्या ७४ छायाचित्रांसह लेण्यांवरचं पुस्तक लंडनहून निघालं. त्यातले फोटो छापलेले नाहीत, एकेक खरा फोटो करून पानावर हाताने चिकटवलेला. गिल १८७९ साली गेले आणि भुसावळला त्यांचं दफन झालं. जंक्शनवर गाडी बदलताना मला दर वेळी वाटतं, इथून दोन पावलांवर छायाचित्रांच्या पुस्तकासाठी आयुष्य घालवलेला माणूस झोपलाय, आणि प्लॅटफॉर्मवर केळी विकणाऱ्यालाही ते माहीत असायला हवं.

आता माझ्या पुस्तकाकडे येतो. त्यात माणूस नाही. होडी नाही, पक्षी नाही, किनाराही क्वचित. बहुतेक चित्रांत वर आभाळ, खाली पाणी, मध्ये रेघ. या वाटेवर आधी गेलेले हिरोशी सुगिमोतो. त्यांनी १९८० साली जमैकाजवळच्या कॅरिबियन समुद्रापासून सुरुवात केली आणि पुढे जगभरचे समुद्र एकाच मांडणीत घेतले, अर्धं आभाळ, अर्धं पाणी. आदिमानवाने पाहिलं असेल तसं काही आपल्याला आज पाहता येईल का, हा त्यांचा प्रश्न. जमीन तेव्हासारखी राहिली नाही, समुद्र राहिला असेल.

माझ्या पुस्तकातली चार चित्रं शटर कित्येक मिनिटं उघडं ठेवून काढलेली आहेत. काचेपुढे गडद फिल्टर लावला की तेवढा वेळ उजेड घेता येतो. त्यात लाट दिसत नाही, येऊन गेलेल्या सगळ्या लाटा मिळून धूर होतो. हे हल्ली फार झालंय. पाण्याचं वजन त्यात निघून जातं, आणि मला ते आवडत नाही. मला आवडतं ते एकविसावं चित्र. पावसाआधीचं आभाळ, पाणी शिशासारखं, लाट फुटायच्या आधी क्षणभर उभी. तिच्या पोटातला उजेड छापायला तिसरी प्लेट लागली असणार. मी ते पान उघडून कपाटाशेजारच्या खुर्चीत पाऊण तास बसू शकतो.

माय ब्याऐंशीची आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर तिला हे पुस्तक दाखवायचं मी ठरवलं होतं. पलंगावर धुतलेली चादर घातली, पुस्तक उघडलं. तिने हात धुतले, पदराला पुसले, आणि भाकरीच्या उंड्यावर ठेवतो तसा पंजा पानावर ठेवला.

"इतलं पानी!" ती म्हणाली. पुढचं पान. पुढचं. एकविसाव्याशी थांबली. "हाई तं मिरगनं आभाय शे."

खरंच होतं. मृगाचं आभाळ. मी त्यात नेहमी पाणी पाहत आलो होतो. तिने आधी आभाळ पाहिलं. आयुष्यभर वावराच्या बांधावर उभी राहून तिने तेच पाहिलंय, आभाळाचा रंग आणि खाली सपाट काळी जमीन. खानदेशात क्षितिज काही कमी नाही. तापीकाठच्या काळ्या मातीत कापूस वेचून झाला की चारी बाजूंना तीच रेघ दिसते. मी पुण्यात राहून विसरलो होतो.

आणखी दहाएक पानं उलटल्यावर ती म्हणाली, "आठे कोनीच कसं नई रे?"

मी सांगू लागलो, माय, हे असंच असतं, फाइन आर्ट, त्यात माणूस घेत नाहीत. तिचं समाधान झालं नाही. "कोनी तरी देखीच राहिना ना," ती म्हणाली. कुणीतरी बघतोयच ना. "मग तो कोठे शे?"

पुस्तक पेटीत गेलं, माय झोपली, आणि मी माळ्यावर चढलो. आप्पांचा पडदा अर्धा उलगडला. चंद्राचा रंग उडालाय, एक नारळाचं झाड उंदरांनी कुरतडलंय. आणि मला ती रांग दिसली. मॅट्रिक पास झालेली पोरं, गुरुजी, मावश्या, एका कापडाचे तीन भाऊ. सगळ्यांची समुद्राकडे पाठ. आप्पांनीच तसं उभं केलं होतं. समुद्रकडे नको देखू, मनाकडे देख. त्या हजारो फोटोंत समुद्राकडे तोंड करून उभा असलेला माणूस एकच, आणि तो फोटोत नाही. काळ्या कापडाखाली डोकं घातलेले आप्पा. माय विचारत होती तो माणूस तिथे होता. पुस्तकातही तो पानाच्या अलीकडे असतो, खुर्चीत, चादर घातलेल्या पलंगाशी. आपण असतो तिथे.

मग मी ठरवलं, मायला समुद्रावर न्यायचं.

आमच्या माणसांना सुरत परकी नाही. तिथल्या उधन्यात कापडाच्या मागांवर आमच्या गल्लीतल्या दर दुसऱ्या घरातलं कुणी ना कुणी आहे. पण ते मजुरीला जातात, समुद्रावर जात नाहीत. सकाळची गाडी धरली. कळण्याच्या भाकरी, ठेचा, कांदा. बेटावद, नरडाणा, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार. नवापूरला स्टेशनाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे, ते मायला दाखवलं. तिला त्यापेक्षा खिडकीतून दिसणाऱ्या ज्वारीत जास्त रस होता. वाटेत तिला सांगितलं, आपली बोरी तापीला मिळते, आणि तापी मुलताईहून निघून ७२४ किलोमीटर चालत सुरतेपुढे समुद्रात जाते. मध्ये उकाईचं मोठं धरण तिला थांबवतं. माय म्हणाली, "म्हंजे आपलंच पानी शे ते."

डुमसला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. तिथली वाळू काळी आहे, थेट आपल्या मातीसारखी, आणि पाणी गढूळ. आप्पांच्या पडद्यासारखं निळं नाही आणि पुस्तकासारखं रुपेरीही नाही. ओहोटी होती, पाणी दूर गेलेलं. भजी आणि कणसांच्या गाड्या, उंटावर बसलेली पोरं, आणि किनाऱ्याने ओळीने उभे असलेले लोक मोबाइल हात लांब करून धरत होते. सगळ्यांची समुद्राकडे पाठ.

माय त्या ओळीतून पुढे निघाली. चपला काढून हातात घेतल्या. ओल्या वाळूवरून सावकाश, मध्ये मध्ये थांबत, पाण्याच्या कडेपर्यंत गेली आणि तिथे उभी राहिली. उभ्या माणसाला समुद्रावरचं क्षितिज दिसतं ते साडेचार किलोमीटरवरचं, त्याहून लांबचं पाणी पृथ्वीच्या गोलाईखाली जातं. मायची उंची कमी, तिला आणखी थोडं जवळचं दिसत असेल. शेजारच्या खेड्याइतकं लांब.

मी आप्पांचा जुना कॅमेरा आणला होता. वरून काचेत बघायचा, चौकोनी फोटोचा. रोल बारा फोटोंचा. पंधरा-वीस पावलं मागे उभा राहून मी तिला काचेत घेतलं. पांढरं नऊवारी, हातात चपला, वाऱ्याने डोक्यावरून घसरलेला पदर. हाक मारावी असं ओठांवर आलं होतं. माय, इकडे बघ. तीस वर्षांची सवय होती ती, माझी नसली तरी घराची.

हाक मारली नाही. शटर दाबलं.

ती बराच वेळ तशीच उभी होती. परत आली तेव्हा पायांना काळा चिखल लागलेला होता. "तुना बापले हाई दखाडाले जोयजे व्हतं," म्हणाली, आणि वाळूवर बसून ठेच्याचा डबा उघडला.